सूर्यावरचे डाग आणि आपल्याकडचा ताप

सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज फिरतोय की १९१८, १९५७ आणि १९६८ या तिन्ही वर्षी सूर्यावर भरपूर डाग होते आणि तिन्ही वेळा फ्लूची जागतिक साथ आली. इतका योगायोग कसा असेल? (निवृत्त शिक्षिका, नौपाडा, ठाणे)

मेसेजमधली वर्षे खरी आहेत, बाई. डागांची संख्या १९१७, १९५८ आणि १९६८ मध्ये शिगेला पोहोचली होती. पण त्यात न लिहिलेली वर्षेही बघा. २००९ चा स्वाइन फ्लू आला तेव्हा सूर्य अगदी शांत होता, म्हणजे डाग फारच कमी होते. डाग ठरावीक चक्राने वाढतात आणि कमी होतात; त्या चक्राचा तळ डिसेंबर २००८ चा. कोविड सुरू झाला तो डिसेंबर २०१९, तोही नेमका तळाचाच महिना. हे दाखवले की उत्तर येते, 'मग कमाल किंवा किमान, दोन्ही धोक्याचे.' इथेच गडबड आहे. डागांचे चक्र साधारण ११ वर्षांचे असते. कमाल वर्षाच्या मागची-पुढची दोन-दोन वर्षे धरली की ५ झाली, किमान वर्षाच्या अलीकडे-पलीकडे एकेक धरले की आणखी ३. अकरापैकी आठ वर्षांत काहीही घडले तरी 'जुळले' म्हणता येते! नियम आधी ठरवायचा आणि मग वर्षे तपासायची. साथी पाहून नियम रुंद करत गेलो तर तो कधीच चुकणार नाही, आणि आपल्याला काही सांगणारही नाही.

हा प्रश्न वेडगळ मात्र नाही. एडगर होप-सिम्पसन या ब्रिटिश डॉक्टरांनी १९७८ मध्ये 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात तो मांडला. कांजिण्या आणि नागीण यांचे नाते उलगडणारे तेच. इतक्या जाणत्या माणसाने मांडलेली शंका तपासायलाच हवी, आणि ती तपासली गेली. संशोधक शेरी टॉवर्स यांनी २०१७ मध्ये जुन्या साथींच्या वेगवेगळ्या याद्या घेऊन आकडेमोड केली. संबंध टिकला नाही.

सूर्य शांत असताना अंतराळातून वैश्विक किरण जास्त येतात. त्यांनी विषाणूत बदल होऊन नवी साथ येऊ शकते ना? (बारावीचा विद्यार्थी, खारघर)

तुझे पहिले वाक्य बरोबर आहे. सूर्याचे चुंबकीय क्षेत्र ढिले पडले की वैश्विक किरण जास्त आत येतात. पण विषाणूला बदलायला त्यांची गरजच नसते. फ्लूचा विषाणू स्वतःची नक्कल करताना सतत चुका करतो आणि त्या दुरुस्त करणारी यंत्रणा त्याच्याकडे नसते. शिवाय त्याची जनुके आठ सुट्या तुकड्यांत असतात. एकाच पेशीत दोन जातींचे विषाणू शिरले तर तुकड्यांची अदलाबदल होते. १९५७ च्या विषाणूत पक्ष्यांकडून आलेले तीन तुकडे होते, १९६८ च्या विषाणूत दोन. म्हणजे शोध घ्यायचा तो पक्षी, डुकरे आणि माणसे एकत्र येतात तिथे.

१९७७ च्या फ्लूच्या साथीबद्दल तर जरूर वाच. तो विषाणू १९५० च्या सुमाराच्या विषाणूशी जवळजवळ तंतोतंत जुळत होता. इतकी वर्षे माणसांत फिरत राहिला असता तर कितीतरी बदलला असता. म्हणून तो प्रयोगशाळेतल्या साठ्यातून किंवा लसीच्या चाचणीतून बाहेर पडला असावा, असे बहुतेक अभ्यासक मानतात. तिथे किरणांनी काय बदलले म्हणायचे?

मे २०२४ मध्ये मोठे सौरवादळ आले, लडाखमध्ये हानले इथे आकाश लाल झाले. त्याच आठवड्यात मुलाला ताप आला. संबंध असेल का? (ऐरोली)

नाही. अशा वादळाने उपग्रह, रेडिओ आणि वीजवाहिन्यांना त्रास होतो. वादळात सूर्याकडून येणाऱ्या कणांपासून जमिनीवर आपल्याला वातावरण वाचवते. ताप दोन दिवसांत उतरला नाही तर रक्त तपासून घ्या.

मग सूर्याचा आणि आजारांचा काहीच संबंध नाही असे समजायचे का? (घणसोली)

आहे की! पण तो डागांमधून नाही, ऋतूंमधून येतो. डागांच्या चक्रात सूर्याकडून येणारी ऊर्जा जेमतेम ०.१ टक्का बदलते. ऋतू होतात पृथ्वीच्या कललेल्या अक्षामुळे, आणि आपल्याकडे त्यातूनच पावसाळा येतो. ठाणे-नवी मुंबईतल्या साथींचे वेळापत्रक तो ठरवतो. २६ जुलै २००५ च्या पुरानंतर लेप्टोचे (लेप्टोस्पायरोसिस या तापाचे) रुग्ण का वाढले हे सूर्याला विचारायला नको. उंदरांचे मूत्र मिसळलेल्या पाण्यातून माणसे तासन् तास चालली होती.

डेंग्यूचेही तसेच. आज रात्री टॉर्च घेऊन पाण्याच्या पिंपात, फ्रिजच्या मागच्या ट्रेमध्ये आणि कुंडीखालच्या ताटलीत पाहा. पाण्याच्या पृष्ठभागाला शेपटीने लटकलेल्या बारीक अळ्या उजेड पडताच वळवळत तळाशी जातात. अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात, म्हणून आठवड्यातून एकदा कोरडा दिवस पाळायचा, म्हणजे साठवलेले पाणी ओतून भांडी रिकामी करायची. नुसते पाणी ओतून देणे मात्र पुरत नाही. डासाची मादी पाण्याच्या रेषेच्या जरा वर, भांड्याच्या आतल्या बाजूला अंडी चिकटवते आणि ती कोरड्यातही महिनोन् महिने टिकतात. पिंप आतून ब्रशने खरवडून घासा.

आणि साचलेल्या पाण्यातून चालल्यावर, विशेषतः पायाला जखम असेल तर, प्रतिबंधक गोळ्या लागतील का हे लगेच डॉक्टरांना विचारा. पुढच्या दोन-तीन आठवड्यांत ताप आणि पोटऱ्यांत दुखणे सुरू झाले, तर पाण्यातून चालल्याचे त्यांना न विसरता सांगा.