मामांचा अर्धवट लेआउट हाती घेताना

मामांचा लेआउट, म्हणजे बोर्डावर मांडलेली ती छोटी मॉडेल रेल्वे, माळ्यावरून उतरवलास, फार बरं वाटलं. पण लगेच रूळ उपटू नकोस. आधी बोर्ड बघ. आपल्या पावसात साधं प्लायवुड कडांना फुगतं, पापुद्रे सुटतात. वर सरळ पट्टी उभी धर. खालून उजेड दिसला तिथे बोर्ड वाकलाय. तेवढा तुकडा बदल आणि कापलेल्या कडांनाही वॉर्निश मार.

काळे रूळ सँडपेपरनं घासू नकोस, ओरखड्यांत मळ जास्तच बसतो. आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेलं सुती फडकं फिरव. रूळ पितळी असतील तर बदलच, निकल सिल्व्हर या मिश्रधातूचे घे. आपल्या खाऱ्या हवेत पितळ पुन्हा पुन्हा काळवंडतं.

इंजिन अडखळतं ते बहुतेक सांध्यांपाशी. विजेसाठी दोन रूळ जोडणाऱ्या जोडपट्टीवर विसंबू नकोस. प्रत्येक तुकड्याला खालून वायर सोल्डर कर. गिट्टी त्यानंतरच. मी घाईत आधी गिट्टी चिकटवली, गोंदाचं पाणी पॉइंटच्या, म्हणजे गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळवणाऱ्या जोडाच्या, पात्यांत शिरलं आणि दोन पॉइंट कायमचे गेले. अजून हळहळ वाटते.

दूधसागरचा घाट करायचाय ना? दूधसागर ज्यात आहे त्या खऱ्या ब्रागांझा घाटात चढ ३७ ला १, म्हणजे मीटरला २.७ सेंटिमीटर. तिथे मालगाड्यांना मागून ढकलणारी बँकर इंजिनं लावावी लागतात. तू मीटरला २ सेंटिमीटरवर थांब, वळणावर त्याहून कमी.

आणि मामांनी काड्यांचं केलेलं ते घाटाच्या पायथ्याच्या कुळ्याचं स्टेशन तसंच ठेव. एक भिंत तिरकी आहे, असू दे.