तिला ‘मी येतो’च म्हणू दे

प्रिय,

परवा रात्री तुझा फोन आला, “मॅडम, बदलीची ऑर्डर आली, नाशिक रोड शाखा,” एवढंच बोललीस आणि आवाज खाली आणलास. मुलगी शेजारच्या खोलीत आहे म्हणालीस. त्या दबक्या आवाजामुळेच हे पत्र लिहायला बसले. दोन मुलांना घेऊन कोल्हापूर सोडायचं म्हणून घर, शाळा, सामान याबद्दल तू विचारलंस, त्याचं लिहीनच. पण आधी एक काम कर. आजच तिला सगळं सांग.

दहा वर्षांच्या मुलीला घरात काहीतरी शिजतंय हे कळतंच. आपण लपवलं की तिला वाटतं, ज्याला आईबाबाही घाबरतात असं काहीतरी भयंकर आहे. मी हीच चूक केली होती. 2001 साली सांगलीहून नाशिकला बदली झाली. माझी मुलगी चौथीत होती. आम्ही तिला सांगितलं निघायच्या आठ दिवस आधी. मधल्या काळात तिची सायकल मी खालच्या मजल्यावरच्या मुलाला देऊन टाकली, कारण ट्रकमध्ये जागा नव्हती आणि सायकल लहानही पडायला लागली होती. तिला विचारलं नाही. आज ती स्वतः एका मुलीची आई आहे आणि अजूनही त्या सायकलबद्दल बोलते. घर सुटल्याचं इतकं बोलत नाही, सायकलचं बोलते. म्हणून सांगते, तिच्या वस्तूंचा निर्णय तिला घेऊ दे. एक खोकं तिचं, त्यात काय भरायचं ते ती ठरवेल. तुटका कंपास भरला तरी भरू दे.

दुसरी गोष्ट भाषेची. हे तुला दुसरं कुणी सांगणार नाही म्हणून सविस्तर लिहिते.

आपल्याकडे पोरी “मी येतो, मी जेवलो, मी जाणार न्हाई” असंच बोलतात. कोल्हापूर-सांगलीत त्यात कुणाला काही खटकत नाही. नाशिकच्या वर्गात माझ्या मुलीने पहिल्याच दिवशी बाईंना सांगितलं, “बाई, मी डबा विसरलो.” वर्ग हसला. बाईही हसल्या, वाईट मनाने नव्हे, पण हसल्या. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत मुलींनी तिला “ए दादा” अशी हाक मारली. घरी आल्यावर तिने मला विचारलं, “आई, मी चुकीचं बोलतो का?” आणि मी, बँकेतून दमून आलेली, तिला म्हटलं, “इथे ‘बोलते’ म्हणायचं हं, सवय कर.”

त्यानंतर ती शाळेत जवळजवळ गप्पच झाली. बाईंनी विचारलं तर मान हलवायची. दोन महिने. प्रगतिपुस्तकात ‘शांत मुलगी आहे’ असा शेरा आला आणि मला तो कौतुकाचा वाटला. सांगलीत हिची बडबड थांबवायला आम्ही गोळी-बिस्किटाची लाच द्यायचो.

मी त्या संध्याकाळी जे बोलले ते परत घेता आलं असतं तर घेतलं असतं. तिने विचारलं होतं, मी चुकीची आहे का. उत्तर ‘नाही’ एवढंच हवं होतं. तुझी मुलगी विचारेल तेव्हा तिला सांग, आपण कोल्हापूरचे, आपल्याकडे असंच बोलतात आणि ते बरोबर आहे. शाळेत काय बोलायचं ते ती आपसूक उचलेल, मुलं महिन्याभरात उचलतात. पण घरात तिची बोली दुरुस्त करू नकोस. तूही बदलू नकोस. शाळा सुरू व्हायच्या आधी वर्गशिक्षिकेला एकदा भेट आणि हे सरळ सांग. समजूतदार बाई असतील तर पहिल्याच दिवशी वर्गाला सांगतील, की आपल्याकडे एक मुलगी कोल्हापूरची बोली घेऊन आली आहे. आणि त्या वर्गातली बरीचशी मुलंही बाहेरूनच आलेली असतील. सातपूर-अंबडच्या कारखान्यांमुळे सिडकोत, पाथर्डी फाट्याला धुळे, जळगाव, नंदुरबारची कितीतरी कुटुंबं आहेत, घरी अहिराणी बोलणारी. नाशिक रोडला नोटा छापायच्या प्रेसमुळे आणि रेल्वेमुळे कुठकुठली माणसं पिढ्यान्पिढ्या राहतात. सगळ्यांनीच कधीतरी हसणं झेललंय.

आता कागदपत्रं. हे भरभर सांगते, तू बँकेतली आहेस. शाळा सोडल्याचा दाखला, जन्मदाखला, प्रगतिपुस्तक, आधार, धाकट्याचं लसीकरणाचं कार्ड. सगळ्यांच्या मूळ प्रती तुझ्या पर्समध्ये ठेव, ट्रकमध्ये नाही. दाखल्यावरचं आणि आधारवरचं नाव अक्षरशः जुळतंय का ते कोल्हापुरातच बघ, नंतर दुरुस्तीसाठी परत जावं लागतं. मुख्याध्यापकांनी दाखला ताबडतोब द्यायचा असतो, 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 5 मध्ये ते आहे. सरकारी आणि अनुदानित शाळेत दाखला यायला उशीर झाला म्हणून प्रवेश अडवता येत नाही, हेही त्यातच. विनाअनुदानित शाळेत जागा देणं त्यांच्या हातात, त्यामुळे तिथे आधी फोन करून मगच आशा धर. आणि रिलीव्ह होण्याची तारीख मॅनेजरशी बोलून अशी मागून घे की जूनच्या मध्याला शाळा उघडते त्या दिवशी मुलगी वर्गात असेल. मी जुलैमध्ये नेलं. तोवर बेंचवरच्या जोड्या लागलेल्या असतात.

घर शाळेजवळ घे, शाखेजवळ असेल तर उत्तम, पण दोन्ही जमत नसेल तर शाळेजवळ. सगळे तुला कॉलेज रोड, गंगापूर रोड सुचवतील. छान भाग आहे, भाडंही तसंच आहे. पण तुझी शाखा नाशिक रोडला. तिकडे राहिलीस तर द्वारका चौक रोज दोनदा ओलांडशील, आणि तो वेळ मुलांच्या वाट्याचा जाईल. जेल रोड, उपनगर, गांधीनगर बघ. नाशिक रोड म्हणजे तसं वेगळंच गाव आहे, बिटको चौकात सगळं मिळतं. पंचवटीत घर घ्यायचा मोह झाला तर एवढं लक्षात ठेव की 2027 च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये सिंहस्थ कुंभमेळ्याची मुख्य स्नानं आहेत. त्या दिवसांत घाटाकडचे रस्ते बंद होतात, शाळेची बस कुठून येणार हा प्रश्न पडतो. भाडेकरार अकरा महिन्यांचा, पण नोंदणीकृतच कर. कायद्याने ती जबाबदारी घरमालकाची आहे, तरी पाठपुरावा तूच करशील.

यजमान दिवाळीपर्यंत कोल्हापुरातच राहणार म्हणालीस. म्हणजे पहिले चार-पाच महिने तू एकटी, आणि शाखेतून सुटायला सात वाजणार. शाळा सुटल्यापासून सातपर्यंत मुलांजवळ कोण, हे घर पक्कं करायच्या आधी ठरव. सासूबाई येत असतील तर त्यांना जूनमध्येच घेऊन ये. दिवाळीला आल्या तर काय उपयोग? कठीण काळ सुरुवातीचाच असतो. पाळणाघर लावायचं असेल तर आपल्याच बिल्डिंगमध्ये किंवा समोरच्या गल्लीत. आणि रात्री यजमानांचा व्हिडिओ कॉल मुलांच्या हातात देऊन तू स्वयंपाकाला लागू नकोस. दहा मिनिटं तूही तिथे बस. माझ्या पुढच्या बदलीला आम्ही असेच वेगळे राहिलो होतो, आणि फोन ठेवल्यावर माझा धाकटा कुशीत शिरायचा. त्या वेळी आपण गॅससमोर नसावं.

धाकट्याची काळजी तू जास्त करतेस असं जाणवलं. चार वर्षांचं मूल आईला चिकटून सहसा सावरतं. त्याची जुनी उशी आणि झोपायची वेळ बदलू नकोस, बाकी तो बघून घेईल. काळजी मोठीची कर.

शहर ‘किती छान आहे’ असं तिला विकू नकोस. रंकाळ्यावर भेळ खाल्लेल्या पोरीला इथे तसं काही नाही हे दिसणारच आहे. तिला म्हणावं, रंकाळा नाहीये, खरंय. मग तिला तिचं तिला शोधू दे. माझ्या मुलीला नाशिक कुठे सापडलं ते सांगते. ऑगस्टच्या शेवटी गंगापूर धरणातून पाणी सोडलं होतं. इथे कुणी गोदावरी म्हणत नाही, ‘गंगा’ म्हणतात, ‘गंगेवर जाऊन येतो’ म्हणतात. शेजारच्या काकूंनी त्यांच्या नातीबरोबर हिलाही नेलं. तिथे नदीपात्रात दुतोंड्या मारुतीची मूर्ती आहे. पूर किती आला ते नाशिककर त्या मारुतीवरून मोजतात. गुडघ्याला पाणी लागलं, कमरेला लागलं, गळ्यापर्यंत आलं. आकड्यात कुणी सांगत नाही. त्या संध्याकाळी ती भिजून घरी आली आणि दारातूनच ओरडली, “आई, मारुतीच्या कमरेला पाणी लागलंय, मी बघितलो!”

‘बघितलो’ म्हणाली. दोन महिन्यांनी. मी हातातलं लाटणं ठेवून तिच्याजवळ जाऊन बसले.

पुढे काकूंच्या नातीनेच तिला ‘सावाना’त नेलं. सार्वजनिक वाचनालय, 1840 सालचं. तिथलं लहान मुलांचं पुस्तक हातात आलं की तिला शनिवार पुरायचा नाही. रंगपंचमीला रहाडीत उडी मारायला मात्र मी दोन वर्षं जाऊ दिलं नाही. पेशवाईपासूनचे ते रंगाचे हौद बघून मलाच धडकी भरायची. तुझ्या पोरीला रंगपंचमी नवी नाही, कोल्हापुरातही तीच खेळतात, तेवढं एक तरी तिला इथे घरचं वाटेल.

हिवाळ्याचे कपडे वरच ठेव, खोक्याच्या तळाशी नको. डिसेंबरची इथली थंडी कोल्हापूरपेक्षा बरीच बोचरी.

घर बघायला पुढच्या रविवारी येतेयस ना? एकटी येऊ नकोस, मोठीला घेऊन ये. तिच्या खोलीची खिडकी कुठल्या बाजूला हवी ते तिला विचारू. रात्री माझ्याकडेच मुक्काम करा. मी पांढरा रस्सा करीन, माझ्या हाताला अजून सांगलीचीच चव आहे. सकाळी आपण तिघी गंगेवर जाऊ. पाणी फारसं नसेल, पण मारुती दिसेल.

तुझी,
मॅडम