पुणे सोडून कोल्हापूरला शिफ्ट व्हावं का? फायदे-तोटे काय?

जॉब रिमोट असेल तर बिनधास्त या, नसेल तर आधी तो बघा, कारण आयटीवाल्यांसाठी इथे कंपन्या मोजक्याच आहेत आणि पगार पुण्याच्या मानाने कमीच सांगतात. उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव इकडे फाउंड्री नि मशीन शॉप भरपूर, त्यामुळे मेकॅनिकलवाल्यांचं बरं जमतं. वकील असाल तर 2025 च्या ऑगस्टपासून हायकोर्टाचं सर्किट बेंच पण सुरू झालंय.

रोजचं जगणं मात्र निवांत, राजारामपुरीतून रंकाळ्याला संध्याकाळी फिरायला जायचं म्हटलं तर गाडी काढली की पोचलोच, आणि म्हशीचं धारोष्ण दूध कट्ट्यावर समोर काढून देतात ते पुण्यात कुठं मिळणार सांगा!

घर घेताना पुराचं तेवढं नीट विचारा. पंचगंगेची धोक्याची पातळी 43 फूट, 2019 ला आणि 2021 ला ती कितीतरी वर गेली, शाहूपुरी, नागाळा पार्कातले काही भाग पाण्यात होते, हायवेसुद्धा शिरोलीजवळ बंद. एजंट हे स्वतःहून सांगत नाही, शेजारच्या दुकानदाराला विचारा पाणी कुठवर आलेलं, तो भिंतीवर हात ठेवून दाखवतो. पहिलं वर्ष भाड्यानेच राहा.