रविवारचे हात आणि भेंडीचा तोडा

नाशिकमध्ये मखमलाबाद रस्त्याच्या अंगाला, एका सोसायटीच्या मागे सहा गुंठे मोकळी जागा काही मंडळींनी भाजीपाल्याखाली आणली आहे. निवृत्त माणसे, गृहिणी, कॉलेजची चार-पाच मुले. पिकेल ते सगळे वृद्धाश्रमाला आणि अन्नछत्राला जाते, विकायचे काहीच नाही. होळी झाल्यावर त्यांनी प्रश्न लिहून पाठवले. शहरात अशा बागा करणारे आणखीही लोक आहेत, म्हणून उत्तरे इथेच देतो.

प्रश्न : आता उन्हाळी हंगामात काय लावावे? रविवारी आम्ही पंधरा-वीस जण असतो, एरवी पाणी द्यायला दोघे-तिघे.

तुमच्या प्रश्नातले दुसरे वाक्य पहिल्यापेक्षा महत्त्वाचे आहे. शेतकऱ्याला मी आधी बाजारभाव विचारतो, तुम्हाला विचारेन ते हातांचे. भेंडी ४५ ते ५० दिवसांत तोड्याला येते आणि मग दर दोन दिवसांनी तोडावीच लागते. रविवारी तोडलीत आणि पुढच्या रविवारी गेलात, तर झाडावर काठ्या लटकलेल्या असतील. शिवाय जून फळे झाडावर राहिली की नवे फूल कमी येते. त्यामुळे मधल्या दिवशी तोडायला माणूस पक्का असेल तरच भेंडी, आणि तीही एका गुंठ्यापुरती. एवढ्याला १०० ते १२० ग्रॅम बी पुरते. रात्रभर भिजवून ३० बाय १५ सेंटिमीटरवर टोकावे. फेब्रुवारीअखेर पेरणी झाली असती तर जास्त बरे, पण अजून गाडी चुकलेली नाही.

बाकीच्या जागेत रविवारची वाट पाहणारी पिके घ्या. पहिला लाल भोपळा. तयार व्हायला तीन-चार महिने घेतो, पण पिकलेले फळ देठासकट काढून हवेशीर जागी ठेवले तर महिना-दोन महिने सहज टिकते. पावसाळ्याच्या तोंडावर पालेभाजी महागते तेव्हा अन्नछत्राला तो हवाच असतो. वांगे दोन-तीन दिवस मागेपुढे झाले तरी रुसत नाही. आणि बांधावर शेवगा. एकदा रुजला की तुमच्याकडून जवळपास काही मागत नाही, शेंगा नसतील तेव्हा पालाही भाजीला चालतो. शेंगांचा बहर संपल्यावर एप्रिल-मेमध्ये त्याची छाटणी करा, नाहीतर शेंगा शिडीला लागतील.

प्रश्न : मेथी आणि कोथिंबीर वीतभर होण्याआधीच फुलावर येते. खत कमी पडते का?

खत नाही, ऊन. नाशिकची थंडी फेब्रुवारीपर्यंत रेंगाळते म्हणून आपण फसतो. मार्चमध्ये दिवस तापू लागले की ही दोन्ही थंडीची पिके फुलाची घाई करतात. कोथिंबीर हवीच असेल तर ५० टक्के सावलीच्या हिरव्या जाळीखाली घ्या, धने रगडून दोन फाकी करून पेरा आणि वाफा कायम ओलसर ठेवा. मेथीचा हट्ट आता सोडा. तिच्या जागी तांदुळजा, राजगिरा, अंबाडी. उन्हाला ही पोरे डरत नाहीत.

इथे एक सवय लावून घ्या. सगळे वाफे एकाच दिवशी पेरू नका, दर रविवारी एकच पेरा. तांदुळजा तीन-चार आठवड्यांत काढणीला येतो, म्हणजे महिन्याभरात दर रविवारी एक वाफा तयार मिळू लागेल. एका दिवशी चाळीस जुड्या निघाल्या तर वृद्धाश्रमातल्या स्वयंपाकीणबाई निवडणार कधी? त्यांना एकदा विचारा, आठवड्याला किती जुड्या झेपतात ते. पेरणी त्या आकड्यावरून ठरवा.

प्रश्न : भेंडीची पाने पिवळी पडून शिरांची जाळी दिसते. काय फवारावे?

हा यलो व्हेन मोझॅक, म्हणजे केवडा. विषाणूचा रोग आहे, लागण झालेल्या झाडाला औषध नाही. झाड उपटून पुरून टाका. तो पसरवते पांढरी माशी, तिच्यासाठी पिवळे चिकट सापळे लावा आणि दर आठ-दहा दिवसांनी पाच टक्के निंबोळी अर्क फवारा : ५०० ग्रॅम निंबोळीची भरड रात्रभर पाण्यात भिजवून, फडक्यातून गाळून, पाणी घालून दहा लिटर करायचे, थोडा साबणचुरा घालायचा. पानांच्या खालच्या बाजूला फवारा बसला पाहिजे, माशी तिथेच असते. पुढच्या वेळी परभणी क्रांती किंवा अर्का अनामिका असे रोगाला तोंड देणारे वाण घ्या. पूर्ण खात्री तेही देत नाहीत.

रासायनिक कीटकनाशक मी इथे सुचवत नाही. डब्यावर काढणीपूर्वी थांबायचे दिवस लिहिलेले असतात. दर दोन दिवसांनी तोडायच्या भेंडीत ते कोण पाळणार? आणि खाणारे म्हातारे.

प्रश्न : शेजारच्या गोठ्यातून ताजे शेण फुकट मिळते. मागच्या नाल्याचे पाणीही आहे.

शेण घ्या, पण खड्ड्यात. चार-पाच महिने कुजू द्या, मध्ये एक-दोनदा उलथा. नोकरीच्या पहिल्या वर्षी मी एका बागेला अर्धवट कुजलेले शेणखत टाकायला हो म्हटले होते. पावसाळ्यात त्यातून आलेल्या हुमणीने, म्हणजे मुळे खाणाऱ्या पांढऱ्या अळीने, मिरचीची मुळे कुरतडली. बागवाला काही बोलला नाही, तेच जास्त लागले.

नाल्याचे पाणी अजिबात नको. सांडपाण्यातले जंतू पाल्यावर बसतात, कोथिंबीर तर कच्चीच खाल्ली जाते. पाणी कमी असेल तर वाफ्यांवर उसाचे पाचट अंथरा. काळ्या मातीला भेगा पडू देऊ नका, भेगांतून ओल उडते आणि मुळेही तुटतात.

प्रश्न : दुधीला फुले भरपूर, फळ धरत नाही. बारकी फळे पिवळी होऊन गळतात.

आधी नर फुलेच येतात, त्यांना फळ लागत नाही. ज्या फुलामागे बोटाएवढा दुधी दिसतो ती मादी. तीच गळत असेल तर परागीभवन झालेले नाही. दुधीचे पांढरे फूल संध्याकाळी उमलते, आणि तुमची माणसे येतात सकाळी. संध्याकाळी पाणी द्यायला येणाऱ्याने एक नर फूल तोडावे, पाकळ्या मागे सारून ते मादी फुलात हलकेच फिरवावे. एका नर फुलात दोन-तीन मादी फुले होतात. कॉलेजच्या मुलांना हे काम आवडेल.

मांडवाला बांबू लागतीलच, पण नव्या वेलांच्या पहिल्या आधाराला द्राक्षाच्या काड्या चालतात. एप्रिलमध्ये खरड छाटणीत त्या ढिगाने निघतात. आसपासच्या बागाईतदाराला आत्ताच सांगून ठेवा, ठिबकच्या जुन्या नळ्याही त्याच्याकडे मिळतील. उशीर केलात तर काड्या बांधावर पेटवून दिलेल्या असतात.