एक्स-रेमध्ये झीज थोडीच, तरी आई गुडघे फार दुखतात म्हणते. ती लक्ष वेधून घेण्यासाठी असं करत असेल का?

नाही. हाच प्रश्न याच सुरात आमच्या घरी फार ऐकलाय, म्हणून लिहितेय.

माझी आई आणि मोठी मावशी, दोघींचेही गुडघे झिजलेत. मावशीचे पाय बाहेरच्या बाजूला वाकलेत, एक्स-रेवरून ठरवलेल्या झिजेचा सगळ्यात वरचा ग्रेड चार, सांध्यातली फट जवळपास संपलेली. पण ती वाईत रोज ढोल्या गणपतीला जाऊन येताना मंडईही करते. आईचा ग्रेड दोन, आणि तिला खुर्चीतून उठायला माणूस लागायचा. दादाचा निकाल तयार: "मावशीकडे बघ जरा. तुझं सगळं मनाचं." वहिनीची पुस्ती, "पाहुणे आले की बरोबर दुखतं."

त्या दोघींच्या एक्स-रे फिल्ममध्ये काय दिसत नव्हतं ते सांगते. बाबा गेल्यावर दादाने आईला वाईहून पिंपरीच्या चौथ्या मजल्यावर आणलं. लिफ्ट सारखी बंद. भजनी मंडळ सुटलं, ओट्यावरच्या गप्पा सुटल्या, सकाळी सगळे बाहेर पडले की संध्याकाळपर्यंत भिंतींशी बोलायचं. रात्री झोप नाही. त्यात एका डॉक्टरांनी जाता जाता सांगितलं, "हाडावर हाड घासतंय, जपा." ग्रेड दोनमध्ये हाडावर हाड घासत नसतं हो! पण आईने धसका घेतला. जिना बंद, चालणं बंद. मग मांडीचे स्नायू गेले, दुखणं वाढलं, आणि दुखतंय म्हणजे घासतंयच हे तिच्या डोक्यात पक्कं झालं.

जी झिजते त्या कूर्चेत, म्हणजे हाडांच्या टोकांवरच्या मऊ थरात, दुखणं कळवणाऱ्या नसाच नसतात, त्यामुळे नुसती फट मोजून दुखणं कळत नाही. मेल्झॅक आणि वॉल या वेदनेच्या दोन अभ्यासकांनी १९६५ साली मांडलं की सांध्याकडून निघालेला संदेश मज्जारज्जूतच अडवला किंवा वाढवला जातो आणि त्यात मेंदूचाही हात असतो. अपुरी झोप, उदासी, भीती, एकटेपण यांनी तो वाढतो. म्हणजे दुखणं खोटं नव्हे, खरोखरच जास्त. २००२ साली अमेरिकेत ह्यूस्टनला गुडघेदुखीच्या १८० रुग्णांवर एक चाचणी झाली. काहींची दुर्बिणीची शस्त्रक्रिया केली, काहींना वरवर नुसत्या चिरा दिल्या. दोन वर्षांनीही शस्त्रक्रियेच्या गटाचं दुखणं नुसत्या चिरांच्या गटापेक्षा कमी नव्हतं. दादाला हे सांगितलं तर म्हणाला, "बघ, मनाचंच!" अरे, मन काय शेजाऱ्यांकडे राहतं?

आईला फिजिओथेरपिस्ट बाईंनी आधी एवढंच पटवलं की चालल्याने गुडघा मोडत नाही. मग खुर्चीत बसून पाय सरळ उचलायचा व्यायाम. सोसायटीतल्या दोघी-तिघी संध्याकाळी तिला खाली न्यायला लागल्या. गुडघे आजही दुखतात, थंडीत तर विचारू नका, पण ती स्वतः उठते, भाजी आणते. फिल्म तीच आहे. दादाच्या मते गोळ्या लागू पडल्या. त्या गोळ्या ती आधीपासूनच घेत होती!

तुम्ही झिजेचं लिहिलंत. आई झोपते किती, दिवसभर बोलते कोणाशी, तिला भीती कशाची वाटते, यातलं एक अक्षर नाही. ते आधी विचारा. आणि हो, "तू बस, मी करते" म्हणत हातातलं प्रत्येक काम काढून घेणाऱ्या मुलीही नुकसानच करतात. ही माझ्या धाकट्या बहिणीसाठी.

एक राहिलं. सकाळचा आखडलेपणा अर्ध्या तासाहून जास्त टिकत असेल, सांधा सुजून गरम होत असेल, बोटंही धरत असतील, तर तो आमवात असू शकतो. डॉक्टरांकडे जा, इथे उत्तरं वाचत बसू नका. वजन जास्त असेल तर तेही कमी करावंच लागेल. सांधा बदलायच्या मी विरोधात नाही, मावशीला कदाचित लागेलही. पण गुडघा बदलल्यावरही साधारण पाचातल्या एकाचं दुखणं राहतं, हे "एकदाचं ऑपरेशन करून टाकू" म्हणणाऱ्या मुलांनी आधी ऐकावं. आमच्याकडच्यानेही.