वाचकांचे प्रश्न : नाताळचे खरे झाड घरी आणताना

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीत राहतो. मुलांच्या मित्रमैत्रिणींकडे नाताळात खरे झाड असते, त्यामुळे यंदा आपल्याकडेही ते आणावे असा मुलांचा हट्ट आहे. साताऱ्याहून आलेल्या माझ्या सासूबाईंना मात्र तीन-चार आठवड्यांच्या शोभेसाठी जिवंत झाड तोडणे पटत नाही. झाड कोणते निवडावे, त्याची निगा कशी राखावी आणि सासूबाईंची समजूत कशी घालावी?
– एक वाचक, एडिसन

उत्तर : सासूबाईंच्या मनाला लागलेली चुटपुट योग्यच आहे, म्हणून आधी तिच्याविषयी लिहितो. बाजारात येणारी ही झाडे बहुतेक करून जंगलातली नसतात. त्यांची रीतसर शेती होते. सहा-सात फुटांचे झाड तयार व्हायला साधारण सात ते दहा वर्षे लागतात, त्या काळात शेतकरी दर उन्हाळ्यात त्याची छाटणी करून त्याला निमुळता आकार देतो, आणि तोडलेल्या झाडांच्या जागी पुढच्या वसंतात नवी रोपे लावतो. तुमच्या राज्यात अशी अनेक शेते आहेत, जिथे आपण स्वतः झाड निवडून करवतीने कापू शकतो. माझा आग्रह आहे की सासूबाईंनाही तिथे सोबत घेऊन जा. कापणीला आलेल्या झाडांशेजारीच गुडघ्याएवढ्या रोपांच्या रांगा दिसल्या, की त्यांच्या शंकेचे बरेचसे उत्तर त्यांना आपोआप मिळेल.

शेतावर जाण्याचा दुसरा लाभ ताजेपणाचा. दुकानाबाहेर विकायला ठेवलेली झाडे पुष्कळदा नॉर्थ कॅरोलायनासारख्या दूरच्या राज्यातून आलेली, नोव्हेंबरातच तोडलेली असतात. तिथूनच घेणार असाल तर एक फांदी मुठीत धरून बुंध्याकडून टोकाकडे हात हलकेच ओढून पाहावा; हिरव्या सुया, म्हणजे त्याची सुईसारखी पाने, हातात आल्या तर ते झाड घेऊ नये. जातींमध्ये मी फ्रेझर फरला पहिली पसंती देईन, कारण तिच्या फांद्या ताठ असल्याने जड शोभेच्या वस्तू पेलतात आणि सुयाही बराच काळ गळत नाहीत. ब्लू स्प्रूस दिसायला देखणा, पण लहान मुलांच्या हातांना टोचतो. निघण्यापूर्वी खोलीची उंची मोजायला विसरू नका : छत आठ फुटांवर असेल तर झाड सात फुटांहून कमीच हवे, कारण खाली स्टँड आणि वर चांदणी यांनाही जागा लागते.

निगेचे सारे मर्म पाण्यात आहे. तोडलेल्या बुंध्याच्या तोंडाशी काही तासांत राळ साकळते आणि पाणी वर चढणे थांबते, म्हणून घरी आणल्यावर बुंध्याची अर्धा ते एक इंच जाडीची चकती सरळ कापून काढावी आणि झाड लगेच पाण्याच्या स्टँडमध्ये उभे करावे. स्टँडमध्ये बसत नाही म्हणून बुंधा कडेने तासण्याची चूक अनेक जण करतात. पाणी मुख्यतः सालीलगतच्या बाहेरच्या लाकडातून वर चढते आणि नेमके तेच तासले जाते. त्याऐवजी मोठा स्टँड घ्यावा. पहिल्या दिवशी झाड तीन-चार लिटर पाणी सहज पिते, आणि त्यानंतरही पातळी रोज पाहावी लागते, कारण बुंध्याचे टोक एकदा उघडे पडून राळेने बंद झाले, तर सजवलेले झाड उतरवून पुन्हा कापण्यावाचून उपाय राहत नाही. पाण्यात साखर किंवा ॲस्पिरिन घालण्याची काही गरज नाही. हे पाणी घालण्याचे काम मुलांकडे सोपवावे. पाणी नियमित मिळाले तर फ्रेझर फर चार-पाच आठवडे टेचात उभे राहते.

झाड हीटरच्या झोतापासून किमान तीन फूट दूर असावे. तुमच्या घरी देवापुढे समई किंवा निरांजन लागत असेल, तर देवघरही झाडाजवळ नको, कारण वाळलेले झाड क्षणात पेट घेते. सजवताना दिव्यांची माळ सर्वांत आधी, आणि तीही बुंध्यापासून फांदीच्या टोकापर्यंत आत-बाहेर गुंडाळत न्यावी. नुसती वरून वेढली तर झाड आतून काळोखे दिसते. दिवे एलईडीचेच घ्यावेत आणि झोपताना बंद करावेत. काचेचे गोळे वरच्या फांद्यांना बांधून खालच्या फांद्या मुलांच्या हातच्या कागदी वस्तूंसाठी मोकळ्या ठेवाव्यात.

जानेवारीत झाडावरची चमकी काढून ते पालिकेच्या गाडीला द्यावे. त्याचा भुसा करून बागांमध्ये पसरतात, आणि न्यू जर्सीच्या काही किनाऱ्यांवर वाळूच्या टेकड्या धरून ठेवण्यासाठीही जुनी झाडे वापरली गेली आहेत. हेही सासूबाईंना जरूर सांगावे. घरातल्या शेकोटीत मात्र ते जाळू नये, राळेमुळे ठिणग्या उडतात.

प्रश्न : पुण्यात कुंडीतले ख्रिसमस ट्री मिळते. ते वर्षभर टिकेल का?
– एक वाचक, पुणे

उत्तर : नक्की टिकेल. आपल्याकडच्या रोपवाटिकांत या नावाने बहुधा अरॉकेरिया विकतात. ते मूळचे दक्षिण प्रशांत महासागरातल्या बेटांवरचे असल्याने त्याला थंडीची गरज नसते. भरपूर उजेड द्यावा, माती ओलसर ठेवावी पण कुंडीत पाणी साचू देऊ नये, आणि शेंडा कधीही छाटू नये, कारण छाटला की त्याचा सरळ, निमुळता आकार परत येत नाही. फांद्या लवचिक असल्याने हलक्या वस्तूच टांगाव्यात.