हळद पिवळीच दिसावी म्हणून

कॅमेरा बिघडलेला नाही रे, दुकानात परत न्यायची घाई करू नकोस. तुझे हळदीच्या समारंभाचे फोटो नारिंगी आले, कारण वर पिवळा बल्ब होता आणि व्हाइट बॅलन्स, म्हणजे उजेडाप्रमाणे रंग जुळवणारं सेटिंग, ऑटोवर. त्या बल्बचा प्रकाश साधारण 2800 केल्विनचा (हे प्रकाशाच्या रंगाचं माप, आकडा कमी तितका उजेड पिवळा), दुपारच्या उन्हाचा 5500 च्या आसपास. आपले डोळे हा फरक सहज पचवतात, कॅमेऱ्याला सांगावा लागतो.

18 टक्केवालं ग्रे कार्ड, म्हणजे कुठलीच रंगछटा नसलेलं राखाडी कार्ड, घे. नवरी बसणार त्याच जागी, त्याच उजेडात धरून फोटो काढ आणि मेनूतल्या कस्टम व्हाइट बॅलन्सला तोच दे. जागा बदलली की पुन्हा. झेरॉक्सच्या शुभ्र कागदावर भागवू नकोस, त्यात निळसर चमक आणणारी रसायनं असतात. खिडकीचं ऊन आणि बल्ब एकत्र असतील तर कुठलंच सेटिंग पुरत नाही. सरळ बल्ब बंद कर. (माझ्या आत्याची जांभळी पैठणी मी अशीच निळी केली होती. अजून ऐकवते.)

रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या फाइलमध्ये, काढलंस तर चूक नंतर सुधारता येते. कॅमेऱ्यातूनच तयार होऊन येणारं जेपेग हवं असेल तर पिक्चर स्टाइल (रंगांचा भडकपणा ठरवणारं सेटिंग) भडक व्हिविडवरून साध्या न्यूट्रलवर आण. आणि रंग मागच्या स्क्रीनवर जोखू नकोस.